गॅसचं पुस्तक आणि बँकेचं पासबुक

मराठी घरातली सगळ्यात जुनी बँक म्हणजे उतरंड. एकावर एक रचलेली मडकी. तळाच्या मडक्यात बाजरी, वरच्यात हुलगे, त्याच्यावरच्यात मीठ, आणि यातल्या कुठल्या मडक्यात किती रुपये दडवलेत हे घरात एकटीलाच ठाऊक. ही बँक चुलीच्या अगदी जवळ असायची. पुरुषमाणसाचा हात सहसा तिथवर पोचत नसे. सरपणाची मोळी आणि साठवलेला पैसा, दोन्ही एकाच अंधाऱ्या, धुरकट कोपऱ्यात.

गेल्या दहा-बारा वर्षांत या कोपऱ्यातून दोन्ही गोष्टी एकदमच हलल्या. चुलीच्या जागी शेगडी आली आणि उतरंडीच्या जोडीला बँकेचं खातं आलं. या दोघींचा एकमेकींशी इतका जवळचा संबंध आहे की एकीची गोष्ट सांगताना दुसरीचं बोट धरावंच लागतं. त्या संबंधातल्या या काही चटकदार, काही थक्क करणाऱ्या आणि दोन-तीन अगदी उपयोगी गोष्टी.

दहा काटक्यांतली एक

आपल्या साध्या मातीच्या चुलीत दहा काटक्या घातल्या तर जेमतेम एका काटकीची उष्णता भाताला लागते. बाकीच्या नऊ भिंतीला, छपराला आणि फुंकणी घेऊन बसलेल्या बाईला. गॅसच्या शेगडीत तीच उष्णता किमान ६८ टक्के भांड्यापर्यंत पोचली पाहिजे, असं भारतीय मानक सांगतं. ढोबळ हिशेब मांडला तर १४.२ किलो गॅसची एक टाकी म्हणजे दोनशे किलोहून जास्त सरपण. एवढं लाकूड डोक्यावरून आणायला किती खेपा लागतील ते मोळी विकून पोट भरणाऱ्या कातकरी बाईला विचारा.

आणि धूर? घरातल्या धुरापायी २०२० या एका वर्षात जगभरात ३२ लाख माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत जाऊन स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर छोटी यंत्रं लावली आणि श्वासातून त्यांच्या फुप्फुसांत काय जातं ते मोजलं. तोवर प्रदूषण म्हणजे कारखान्याची चिमणी, एवढंच जगाला माहीत होतं. चुलीसमोर बसून प्रदूषण मोजायचं असतं हे या माणसानं शिकवलं. २०२० मध्ये ते गेले. माझ्या मते त्यांचं नाव आपल्या शाळांच्या पुस्तकांत असायला हवं.

रॉकेल, घासलेट आणि गॅस कंपनी

‘रॉकेल’ हा शब्द इतका आपला झालाय की तो ‘रॉक ऑईल’वरून आला हे सांगितलं तर चारजण चकित होतात. जमिनीखालच्या खडकातून निघालेलं तेल, म्हणून रॉक ऑईल. ‘घासलेट’ ‘गॅसलाइट’वरून आलं असं सांगतात. गंमत बघा, द्रवरूप तेलाला आपण दिव्याच्या गॅसचं नाव दिलं.

मुंबईत तर गॅस सिलिंडरच्या कितीतरी आधी आला. कोळशापासून काढलेल्या गॅसवर १८६५ साली मुंबईचे रस्ते उजळले. लालबागच्या गॅस कंपनी लेनच्या नावात ती कंपनी अजून शिल्लक आहे.

आपण आज टाकी, बाटला किंवा हंडा म्हणतो तो सिलिंडर १९५५च्या सुमारास अवतरला, आणि तोही मुंबईतच. बर्मा शेल कंपनी ‘बर्शेन’ या नावानं तो विकायची. या बर्मा शेलचंच १९७६च्या राष्ट्रीयीकरणानंतर भारत पेट्रोलियम झालं. ‘इंडेन’ची पहिली जोडणी मात्र कोलकात्याची, २२ ऑक्टोबर १९६५ची.

त्यानंतरची तीस-पस्तीस वर्षं प्रतीक्षायादीची. गॅसचा नंबर लावायचा आणि वाट बघायची. खासदारांना गॅसजोडण्यांच्या कूपनांचा कोटा असायचा, आणि ते कूपन मिळवायला लोक चपला झिजवायचे. लग्न ठरवताना ‘मुलाकडे गॅस आहे’ हे कौतुकानं सांगण्याचा तो काळ. जोडणी मिळाली की एक छोटं पुस्तक मिळायचं, आणि त्या पुस्तकावर नाव असायचं कर्त्या पुरुषाचं. हे लक्षात ठेवा, शेवटाकडे पुन्हा उपयोगी पडेल.

माटुंग्याचा गॅस

गोबर गॅस म्हटलं की डोळ्यांसमोर गोठा येतो. पण मैल्यापासून गॅस काढायचा देशातला एक अगदी जुना प्रयोग झाला तो मुंबईत. माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून निघालेल्या गॅसवर दिवे लावले होते. समाजानं ज्यांना गावाबाहेर काढलं, त्यांच्या आश्रमात देशाच्या इंधनाचा एक नवा रस्ता सापडला.

पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या लोखंडी टाकीचं संयंत्र तयार केलं. नाव काय ठेवलं? ‘ग्रामलक्ष्मी’. इंधनाच्या यंत्राला लक्ष्मीचं नाव द्यावंसं वाटलं, यातच पैसा आणि इंधन यांचं नातं आलं. खादी आणि ग्रामोद्योग आयोगानं हेच मॉडेल देशभर नेलं.

पुण्याच्या ‘आरती’ संस्थेनं तर शेणही नको म्हटलं. उरलंसुरलं अन्न, खराब धान्य, पेंड घाला आणि गॅस घ्या, असं छोटं संयंत्र तिनं बनवलं. या कामाला २००६ साली ‘ॲश्डेन’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याआधी २००२ मध्ये उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या कामालाही तोच मिळाला होता. शेतकरी जे पाचट जाळून टाकतात, त्याचं इंधन! संस्थेचे संस्थापक आनंद कर्वे म्हणजे इरावतीबाईंचे चिरंजीव आणि महर्षी कर्व्यांचे नातू. आजोबांनी बायकांना शाळेपर्यंत आणलं आणि नातवानं त्यांच्या स्वयंपाकघरातला धूर कमी करायचा ध्यास घेतला.

गॅसशिवायही एक वाट आहे. शिर्डीला साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात सूर्याच्या उष्णतेनं वाफ करून स्वयंपाक होतो. त्यासाठी छतावर ७३ मोठ्या तबकड्या बसवल्यात, २००९ पासून.

वर्धा आणि टेंभली

दोन गावांची नावं या विषयात सोन्यानं लिहावीत.

पहिलं वर्धा. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या कामातून तिथल्या मगनवाडीत ‘मगन चूल’ आकाराला आली. कमी सरपण, कमी धूर, धुराला बाहेर जायला नळकांडं. सुधारित चुलीच्या भारतातल्या पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक. पुढे १९८३ साली सरकारनं निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, तो २००२ पर्यंत चालला. आता गंमत ऐका. गॅसची सबसिडी थेट बँक खात्यात टाकायचा प्रयोग १ जून २०१३ला देशातल्या मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातून निवडलेला जिल्हा होता वर्धा, आणि गोव्यातून उत्तर गोवा. म्हणजे चुलीचा धूर कमी करायचा प्रयत्नही वर्ध्याचा आणि गॅसचा पैसा खात्यात आणायचा प्रयत्नही वर्ध्याचा.

दुसरं गाव टेंभली, जिल्हा नंदुरबार. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी या आदिवासी गावात दिले गेले. त्या बारा आकड्यांवरच पुढची सगळी इमारत उभी राहिली. गॅसची सबसिडी, जनधन खाती, उज्ज्वला आणि लाडकी बहीण या सरकारी योजना, सगळं. दिल्ली-मुंबईच्या कुठल्या बंगल्यातून ही सुरुवात झाली नाही. ती सातपुड्याच्या पायथ्याशी झाली.

५६८ रुपयांचा आगाऊ हप्ता

आता खरी मजा. पूर्वी गॅस स्वस्तात मिळायचा आणि सरकार फरकाची रक्कम तेल कंपन्यांना द्यायचं. स्वस्त टाकी हॉटेलात जायची, गाडीत भरली जायची, एकेका नावावर दोन-दोन जोडण्या असायच्या. मग ठरलं की टाकी सगळ्यांना बाजारभावानं आणि फरक थेट खात्यात. योजनेचं नाव ‘पहल’. २०१४च्या नोव्हेंबरात ५४ जिल्ह्यांत आणि १ जानेवारी २०१५ पासून देशभर.

पण एक अडचण होती. पहिल्यांदा बाजारभावाची टाकी घ्यायला हातात जास्तीचे पैसे कुठून आणायचे? सबसिडी तर टाकी घेतल्यावर मिळणार. यावर कुणीतरी मोठा शहाणपणाचा उपाय काढला. योजनेत सामील होणाऱ्या प्रत्येकाच्या खात्यात आधीच ५६८ रुपये आगाऊ टाकायचे. छोटी रक्कम, पण तिच्यामागे गरिबाच्या खिशाची बरोबर समज होती. पैसा किती मिळतो याइतकंच तो कधी मिळतो हेही महत्त्वाचं. पुढे आपण याच मुद्द्यावर पुन्हा येणार आहोत.

३० जून २०१५ पर्यंत १२.५७ कोटी घरांना या वाटेनं पैसे मिळाले, आणि गिनीज बुकानं घरांना रोख रक्कम देणारी जगातली सगळ्यात मोठी योजना म्हणून तिची नोंद केली. त्याच्या काही महिने आधीच जनधनचा विक्रम झाला होता. ऑगस्ट २०१४ मधल्या एका आठवड्यात १,८०,९६,१३० खाती! हे दोन विक्रम एकमेकांच्या खांद्यावर उभे आहेत. खातं उघडायला कारण हवं होतं, ते गॅसनं दिलं. गॅसच्या पैशाला उतरायला जागा हवी होती, ती खात्यानं दिली.

२०१५च्या मार्चमध्ये ‘सबसिडी सोडा’ अशी हाक दिली गेली आणि एक कोटीहून जास्त घरांनी ती आपणहून सोडली. त्यात निवृत्त शिक्षक होते, पेन्शनर आजी-आजोबा होते. अशा माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. आधारवर येणारा सरकारी पैसा तुमच्या सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. २०१७ मध्ये कित्येकांची गॅस सबसिडी अशा खात्यांत जाऊन पडली की जी आपल्या नावानं उघडली आहेत हेच त्यांना माहीत नव्हतं. मोबाइलच्या सिमची पडताळणी करताना अंगठा लावला आणि त्याबरोबर खातंही उघडलं गेलं. गरिबाला दोनशे रुपये कुठे गेले हे शोधायला एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते. म्हणून वर्षातून एकदा तरी आपलं आधार कुठल्या बँकेशी जोडलंय ते पाहून घ्या.

बलियातून निघाली, संभाजीनगरात पोचली

१ मे २०१६, महाराष्ट्र दिन. पण ठिकाण उत्तर प्रदेशातलं बलिया. तिथे उज्ज्वला योजना सुरू झाली. नियम साधा होता आणि त्या साधेपणातच तिची ताकद होती. जोडणी घरातल्या प्रौढ बाईच्याच नावावर. तिचं आधार, तिचं खातं, तिचं पुस्तक.

आधी लक्ष्य होतं ५ कोटी जोडण्यांचं, मग ८ कोटींचं. मुदत मार्च २०२० पर्यंत होती, पण आठ कोटीवी जोडणी त्याच्या जवळपास सात महिने आधीच, ७ सप्टेंबर २०१९ रोजी दिली गेली. कुठे? तेव्हाच्या औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला. आणि कुठल्या कार्यक्रमात? बचत गटांच्या बायकांच्या राज्यस्तरीय मेळाव्यात! गॅस आणि बचत एका मांडवात आले, तेही मराठवाड्यात, जिथे पऱ्हाट्या आणि तुराट्यांवर पिढ्यान्‌पिढ्या भाकऱ्या भाजल्या गेल्या.

उज्ज्वलाचा दुसरा टप्पा १० ऑगस्ट २०२१ला महोब्यातून सुरू झाला. त्यात एक फार चांगली गोष्ट होती. स्थलांतरित मजुरांना रेशनकार्ड किंवा पत्त्याचा पुरावा मागायचा नाही, त्यांनी स्वतः लिहून दिलेलं चालेल. बीडहून कोपीवर आलेल्या ऊसतोड कामगाराच्या बायकोला पत्ता विचारला तर ती काय सांगणार? फड हाच पत्ता. आज उज्ज्वलाच्या जोडण्या १० कोटींच्या पुढे गेल्या आहेत.

यातली कर्जाची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. सरकार १,६०० रुपये द्यायचं, ते अनामत आणि रेग्युलेटरला जायचे. शेगडी आणि पहिली टाकी यांचे पैसे मात्र बाईनं द्यायचे, आणि नसतील तर तेल कंपनी कर्ज द्यायची. व्याज नाही, पण पुढच्या टाक्यांची सबसिडी खात्यात न येता या कर्जात वळती व्हायची. कित्येक बायकांच्या आयुष्यातलं हे पहिलं अधिकृत कर्ज, तेही एका शेगडीसाठी. आणि त्या कर्जानंच योजनेचा पाय अडकवला. सबसिडी हातात येत नाही म्हणजे टाकी पूर्ण भावानं. मग बाया टाकी भरायच्याच थांबल्या. शेवटी १ एप्रिल २०१८ पासून कर्जाची वसुली पुढच्या सहा टाक्यांपर्यंत लांबवली. दुसऱ्या टप्प्यात तर शेगडी आणि पहिली टाकी दोन्ही फुकटच देऊन टाकल्या. अनुभवातून शिकलेलं हे शहाणपण आहे, आणि ते शिकायला काही वर्षं आणि असंख्य रिकाम्या टाक्या लागल्या.

रिकामी टाकी, रिकामं खातं

२०१९-२० मध्ये उज्ज्वलाचं एक घर वर्षाला सरासरी ३.०१ टाक्या भरून घेत होतं. २०२२-२३ मध्ये हा आकडा ३.७१ झाला. चार माणसांचं घर तीन-चार टाक्यांत वर्ष काढू शकत नाही, म्हणजे उरलेला स्वयंपाक चुलीवरच.

आता हा दुसरा आकडा पाहा. जागतिक बँकेच्या पाहणीत २०११ साली भारतात दर शंभर प्रौढांमागे ३५ जणांकडे खातं होतं, २०१७ मध्ये ८० जणांकडे. अफाट उडी! पण २०२१च्या पाहणीत असं दिसलं की यातली ३५ टक्के खाती वर्षभर हललीच नव्हती. टाकी घरात आली पण रिकामी राहिली, आणि खातं बँकेत आलं पण निजून राहिलं. आजार एकच आहे.

शहरातली माणसं पटकन म्हणतात, ‘त्यांना चुलीवरचीच चव आवडते.’ मला हे पटत नाही. भाकरी निखाऱ्यावर फुगते ती छान लागते हे खरं, आणि अंघोळीच्या पाण्याचा बंब गॅसवर तापवायचा म्हणजे टाकी आठवड्यात संपेल हेही खरं. पण मुख्य कारण त्याहून साधं आहे. सरपण रोज थोडं-थोडं मिळतं, टाकीला मात्र आठ-नऊशे रुपये एकदम मोजावे लागतात. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईकडे शनिवारी आठवड्याचे पैसे येतात आणि रविवारच्या बाजारात संपतात. नऊशे रुपये एका दिवशी, एका हातात, एकदम, हा दिवस तिच्या महिन्यात उगवतच नाही. म्हणून हा प्रश्न इंधनाचा कमी आणि बचतीचा, उधारीचा, वेळेवर मिळणाऱ्या पैशाचा जास्त आहे.

जगानं यावर कायकाय शोधलंय बघा. इंडोनेशियानं २००७ पासून रॉकेलवरून गॅसवर जाताना टाकीच लहान केली, अवघ्या तीन किलोंची. हिरवी, गोलमटोल. लोकांनी तिचं नाव ठेवलं ‘मेलन’, म्हणजे खरबूज! पाच कोटींहून जास्त घरांत हे खरबूज पोचलं. पेरू देशात २०१२ पासून गरीब घराला विजेच्या बिलासोबतच गॅसच्या सवलतीचं कूपन येतं, म्हणजे वेगळी रांग नको. केनियात २००७ मध्ये मोबाइलवरून पैसे पाठवायची ‘एम-पेसा’ सेवा सुरू झाली, आणि तिच्या जोरावर आता टाकीला मीटर लावून गॅस विकतात. आज चहापुरते पैसे आहेत? तेवढेच भरा, तेवढाच गॅस सुटेल. बाईच्या खिशाच्या चालीनं टाकी चालते.

आपल्याकडे पाच किलोंची टाकी आहे. इंडियन ऑईलनं तिला नाव दिलंय ‘छोटू’, हिंदुस्तान पेट्रोलियमनं ‘अप्पू’. पेट्रोल पंपावर, काही किराणा दुकानांतही मिळते आणि पत्त्याचा पुरावा लागत नाही, एक ओळखपत्र पुरतं. खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि नाक्यावरच्या मजुरांनी हे नक्की माहीत करून घ्यावं.

आणि कोविडच्या काळात आपल्या देशानं हेच करून दाखवलं. २०२० मध्ये उज्ज्वलाच्या घरांना टाकीचे पूर्ण पैसे आधी खात्यात टाकले, मग टाकी घ्या म्हटलं. १४ कोटींच्या वर टाक्या मोफत दिल्या गेल्या. त्याच महिन्यांत सुमारे २० कोटी बायकांच्या जनधन खात्यांत तीन वेळा पाचशे-पाचशे रुपये आले. पैसा वेळेवर आला तर चूल विझते, हे त्या तीन महिन्यांनी सिद्ध केलं.

तुमच्या टाकीचा विमा उतरवलेला आहे

ही गोष्ट वाचून उठा आणि चारजणांना सांगा. तुमच्या नावावर अधिकृत गॅसजोडणी असेल तर तुम्ही एक रुपया हप्ता न भरताही तुमचं घर विम्याखाली आहे. हा विमा तेल कंपन्यांनी काढलेला असतो. गॅसच्या अपघातात मृत्यू झाला तर माणशी ६ लाख रुपये, जखमींच्या उपचाराला माणशी २ लाखांपर्यंत आणि एका अपघाताला मिळून ३० लाखांपर्यंत, आणि नोंदलेल्या घराच्या नुकसानीला २ लाखांपर्यंत. अपघात झाला की वितरकाला ताबडतोब लेखी कळवायचं, पुढचं काम तो आणि कंपनी करते. दुःखाच्या गडबडीत हे कुणाला सुचत नाही, म्हणून आधीच माहीत हवं. जनधनच्या रुपे कार्डालाही अपघात विमा जोडलेला आहे, २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्याला २ लाखांचा.

टाकीच्या वरच्या पट्टीवर एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे असतात, ते वाचायला शिका. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. बी आणि २७ असेल तर एप्रिल-जून २०२७ मध्ये त्या टाकीची तपासणी व्हायची आहे. ती तारीख उलटून गेलेली टाकी दारातूनच परत पाठवा.

गॅसला स्वतःचा वास नसतो. आपल्याला जो कळतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. हा वायू हवेपेक्षा जड आहे, गळला की जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता दारं-खिडक्या उघडा, बाहेर जा आणि १९०६ या क्रमांकावर फोन करा.

म्हसवडच्या बायकांचं व्याज

सातारा जिल्ह्यातलं म्हसवड, माणदेश, पाण्याचा दुष्काळ. तिथल्या बायकांनी चेतना सिन्हा यांच्यासोबत स्वतःची बँक काढायचं ठरवलं. कारण साधं होतं. एका बाईला पावसाळ्याआधी झोपडीवर घालायला प्लास्टिक घ्यायचं होतं, त्यासाठी रोजचे दहा रुपये साठवायचे होते, आणि इतकी छोटी रक्कम कुठली बँक घेत नव्हती.

रिझर्व्ह बँकेकडे परवान्याचा अर्ज गेला तेव्हा तो नामंजूर झाला, कारण संस्थापक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बाया साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि पुन्हा गेल्या. म्हणाल्या, आम्ही वाढत होतो तेव्हा गावात शाळा नव्हती, यात आमचा काय दोष? आम्हाला कुठल्याही रकमेचं व्याज काढायला सांगा, तुमच्या साहेबांनाही सांगा, आणि बघा कोण आधी उत्तर देतं. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे खात्याला गुप्त क्रमांक द्यायचं ठरलं तेव्हा ग्राहक बायांनी तो नको म्हटला. पिन चोरता येतो, अंगठा नाही, तो ठेवा.

ज्या अंगठ्यावरून ‘अंगठाबहाद्दर’ म्हणून हिणवलं, तोच अंगठा कुलपाची किल्ली झाला.

पुस्तकावरचं नाव

२०२४ साली महाराष्ट्रात मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना आली. पात्र घरांना वर्षाला तीन टाक्या मोफत, उज्ज्वलाच्या घरांना आणि लाडक्या बहिणींनाही. मुख्य अट अशी होती की जोडणी बाईच्या नावावर हवी. आठवतंय, ते जुनं पुस्तक कर्त्या पुरुषाच्या नावावर होतं? गॅस एजन्सीसमोर रांगा लागल्या. नवऱ्याच्या नावाचं पुस्तक बायकोच्या नावावर, वारलेल्या सासऱ्याच्या नावाचं पुस्तक सुनेच्या नावावर. हे पुस्तक पासपोर्टलासुद्धा पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं, म्हणजे नाव बदललं तसा त्या बाईला पत्ताही मिळाला.

मग केवायसी, म्हणजे ग्राहकाच्या ओळखीची पडताळणी, आली. इथे एक अडचण आहे, आणि ती जुनीच आहे. वर्षानुवर्षं राखेनं भांडी घासून आणि खुरपं धरून बोटांच्या रेषा झिजतात. यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा. पुन्हा ठेवा. पदरानं पुसून ठेवा. दुसऱ्या हाताचा ठेवा. ज्या चुलीपासून सुटायचं, तिच्याच राखेनं वाट अडवलेली.

आता त्यावरही तोड निघाली आहे. फोनमध्ये चेहरा दाखवून केवायसी होते. एजन्सीतला पोरगा मावशींना दारातल्या उजेडात आणून उभं करतो, फोन त्यांच्यासमोर धरतो आणि सांगतो, मावशी, सरळ बघा आणि डोळ्यांची उघडझाप करा.